अपूर्णांक घातांक आणि घनमुळांची समीकरणे: आधी अंश-छेद पाहा, मग घात घ्या

नववीत घातांकांचे नियम पाठ होतात. पुढे तेच नियम समीकरणात आले की चांगले गुण मिळवणारी मुलेही अडतात. नियम आठवत नाहीत असे नसते, चुकतो तो क्रम. क्ष^(२/३) = १६ दिसले की हात थेट ३/२ घाताकडे जातो, उत्तर ६४ येते आणि −६४ वहीत उतरतच नाही. क्ष^(३/४) = −८ ला उलट होते: उत्तर नसताना १६ हे उत्तर लिहून मोकळे होतात. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. घात घेण्याआधी घातांकाचा अंश सम आहे की विषम, छेद सम आहे की विषम, हे कोणी पाहिलेले नसते.

गोव्यात आणखी एक गोष्ट आड येते. बरीच मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीपासून गणित इंग्रजीतून येते. शाळेत ‘क्यूब रूट’ आणि ‘पॉवर टू बाय थ्री’, घरी ‘घनमूळ’ आणि ‘घात’. म्हणून आधी शब्द जुळवून घेऊ. घातांक म्हणजे पॉवर किंवा एक्स्पोनंट, पाया म्हणजे बेस, अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, घनमूळ म्हणजे क्यूब रूट. या लेखात घातांक ^ या खुणेने लिहिला आहे. क्ष^(२/३) म्हणजे क्ष चा दोन तृतीयांश घात. सगळी उत्तरे वास्तव संख्यांतलीच धरली आहेत.

## तयारी

घन तोंडपाठ हवेत. १, ८, २७, ६४, १२५, २१६, ३४३, ५१२, ७२९, १०००. सोबत चौथे घात १६, ८१, २५६, ६२५ आणि पाचवे घात ३२, २४३, १०२४. हे पाठ नसतील तर ३४३ दिसल्यावर ७ डोळ्यांसमोर येत नाही आणि पुढचा वेळ चाचपडण्यात जातो.

अपूर्णांक घातांकाचा अर्थ पक्का करा. छेद मूळ सांगतो, अंश घात सांगतो. क्ष^(२/३) म्हणजे क्ष चे घनमूळ काढा आणि त्याचा वर्ग करा. इथली सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे २७^(१/३) = ९. ‘एक तृतीयांश घात’ यातला ‘घात’ कानामागे राहतो आणि संख्येचा तिसरा हिस्सा काढला जातो. २७ चे घनमूळ ३ आहे, कारण ३ × ३ × ३ = २७. मूल ९ लिहीत असेल तर त्याला पुढचे समीकरण देऊ नका. ८, ६४, १२५ यांचे १/३ घात तोंडी विचारा. ८/३ किंवा ६४/३ असे उत्तर येणे थांबले की पुढे जा.

घातांक अतिसंक्षिप्त रूपात आणा. २/६ असेल तर १/३ करा, ०.७५ असेल तर ३/४, १.५ असेल तर ३/२. ही पायरी गाळली तर चिन्ह बदलते. (−८)^(१/३) = −२. तेच २/६ ठेवून आधी वर्ग केला तर ६४ येतात आणि ६४ चे सहावे मूळ +२ येते. पाया तोच, अपूर्णांकाची किंमतही तीच, उत्तर मात्र उलट्या चिन्हाचे.

> सावधान: २/३ च्या जागी ०.६७ लिहू नका. ६४^(२/३) बरोबर १६ येते. ६४^०.६७ सुमारे १६.२२ येते, आणि मग ताळा जुळत नाही म्हणून बरोबर रीतही खोडली जाते.

## टप्पा १: घात असलेले पद एकटे पाडा

३क्ष^(२/३) − ५ = ४३ घेऊ.

आधी ५ पलीकडे न्या: ३क्ष^(२/३) = ४८. मग ३ ने भागा: क्ष^(२/३) = १६. इथपर्यंत घाताला हात लावायचा नाही.

घाई करणारा विद्यार्थी पहिल्याच ओळीत ‘दोन्ही बाजूंचा घन’ लिहितो आणि डावीकडे प्रत्येक पदाचा वेगळा घन करतो: २७क्ष² − १२५ = ७९५०७. त्यातून क्ष सुमारे ५४.३ येतो, जो सपशेल चुकीचा आहे. बेरीज-वजाबाकीचा घन पदागणिक होत नाही. (अ − ब)^३ मध्ये मधली दोन पदेही असतात, आणि पद एकटे पाडले की ती उद्भवतच नाहीत.

> तपासा: घात असलेले पद एकटे आहे का? त्याच्या मागचा सहगुणक १ आहे का? दोन्हीला ‘हो’ असेल तरच पुढे.

## टप्पा २: अंश-छेद पाहून समासात एक ओळ लिहा

सगळा लेख या टप्प्यासाठी आहे. क्ष^(अंश/छेद) = क अशा रूपात समीकरण आले की समासात पेन्सिलीने तीनपैकी एक ओळ लिहायची.

अंश सम, छेद विषम (२/३, ४/३, २/५): ‘क ऋण असेल तर उत्तर नाही, धन असेल तर दोन उत्तरे.’ कारण सम घाताने डावी बाजू कधीच ऋण होत नाही, आणि एकच धन संख्या दोन चिन्हांतून मिळते.

अंश विषम, छेद विषम (१/३, ३/५, ५/३): ‘एकच उत्तर, चिन्ह टिकते.’ क ऋण असले तरी बिनधास्त पुढे जा.

छेद सम (१/२, ३/४, ३/२): ‘क्ष ऋण चालणार नाही, क ऋण असेल तर उत्तर नाही.’ अतिसंक्षिप्त रूपात छेद सम असताना अंश विषमच असतो, त्यामुळे चौथा प्रकार नाही.

आता सुरुवातीची दोन समीकरणे पाहा. क्ष^(३/४) = −८ मध्ये छेद सम आहे आणि उजवी बाजू ऋण. काम तिथेच संपते, उत्तर नाही. हे न पाहता ४/३ घात घेतला तर उजवीकडे −८ चे घनमूळ −२, त्याचा चौथा घात १६, आणि ‘क्ष = १६’ असे अगदी खरे वाटणारे उत्तर तयार होते. ताळा केला तर १६ चे चौथे मूळ २, त्याचा घन ८. हवे होते −८.

याउलट क्ष^(३/५) = −८ पूर्ण वैध आहे. घनमूळ −२, त्याचा पाचवा घात −३२. ताळा: −३२ चे पाचवे मूळ −२, त्याचा घन −८. जुळले.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. नववीच्या पाठ्यपुस्तकात घातांकांचे नियम पाया धन धरूनच दिलेले असतात. त्यामुळे ‘ऋण उत्तर कशाला?’ ही शंका रास्त आहे. प्रश्नात ‘क्ष > ०’ दिले असेल तर ऋण उत्तर सोडून द्या आणि सोडल्याचे लिहा. तशी अट नसेल आणि छेद विषम असेल, तर ऋण संख्येलाही घनमूळ, पाचवे मूळ असते, म्हणून ऋण उत्तर धरायचेच.

## टप्पा ३: घात एका दमात काढू नका, दोन ओळींत काढा

क्ष^(२/३) = १६ वर दोन्ही बाजूंचा ३/२ घात घेणे ही पुस्तकी पद्धत आहे आणि तिच्यातच −६४ हरवते. त्याऐवजी समीकरण असे लिहा:

(∛क्ष)² = १६
∛क्ष = ±४
क्ष = ६४ किंवा क्ष = −६४

± कुठे आले ते पाहा: वर्गमूळ काढताना. घन करताना ± लागत नाही. हे दोन टप्पे वेगळ्या ओळींत असले की ± कुठे घालायचे हा प्रश्नच राहत नाही.

पायात कंस असेल तरी रीत हीच. (२क्ष − १)^(२/३) = ९ घेऊ. ∛(२क्ष − १) = ±३, म्हणून २क्ष − १ = २७ किंवा २क्ष − १ = −२७. उत्तरे १४ आणि −१३. इथे कित्येक जण १४ काढून दुसरे उत्तर ‘−१४’ लिहितात. ± कंसाला लागले आहे, क्ष ला नव्हे. दोन्ही समीकरणे वेगवेगळी सोडवावी लागतात.

ऋण घातांकाचे फारसे अवघड नाही. क्ष^(−२/३) = १/९ असेल तर दोन्ही बाजूंचा व्यस्त घ्या: क्ष^(२/३) = ९, म्हणून क्ष = ±२७. घातांकातले ऋण चिन्ह व्यस्त सांगते, उत्तराचे चिन्ह सांगत नाही.

## टप्पा ४: घनमुळाची चिन्हे असलेली समीकरणे

एकच घनमूळ. ∛(३क्ष + ३) + ७ = ४. घनमूळ एकटे पाडा: ∛(३क्ष + ३) = −३. इथे ‘मूळ ऋण येऊ शकत नाही’ म्हणून ‘उकल नाही’ लिहिणारे पुष्कळ. ती अट वर्गमुळाची आहे. घनमुळाला ऋण किंमत चालते. घन करा: ३क्ष + ३ = −२७, क्ष = −१०.

दोन्ही बाजूंना घनमूळ. ∛(९क्ष − ४) = २∛(क्ष + १). घन करताना बाहेरच्या २ चाही घन होतो: ९क्ष − ४ = ८(क्ष + १), म्हणून क्ष = १२. ताळा: डावीकडे ∛१०४, उजवीकडे २∛१३ म्हणजे ∛(८ × १३) = ∛१०४. २ चा घन विसरला तर क्ष = ६/७ येतो. बाहेरचा सहगुणक दिसला की घन करण्याआधी त्याभोवती गोल करा.

घनमुळांची बेरीज. इथे हे सूत्र वापरा, (अ + ब)^३ = अ^३ + ब^३ + ३अब(अ + ब). विस्ताराची चार पदांची नेहमीची मांडणी नको, कारण या रूपात शेवटचा कंस (अ + ब) म्हणजे समीकरणाची डावी बाजूच असते आणि तिच्या जागी उजवी बाजू ठेवता येते.

∛क्ष + ∛(३५ − क्ष) = ५. घन केल्यावर:

क्ष + (३५ − क्ष) + ३ × ∛(क्ष(३५ − क्ष)) × ५ = १२५
१५∛(क्ष(३५ − क्ष)) = ९०
∛(क्ष(३५ − क्ष)) = ६
क्ष(३५ − क्ष) = २१६
क्ष² − ३५क्ष + २१६ = ०
(क्ष − २७)(क्ष − ८) = ०

उत्तरे २७ आणि ८. ताळा: ३ + २ = ५, आणि २ + ३ = ५.

सगळे सरळ झाले, पण ही ‘जागी ठेवण्याची’ युक्ती दर वेळी इतकी निर्धोक नसते. पुढचे समीकरण वही-पेन घेऊन ओळ न ओळ सोडवा:

∛क्ष + ∛(३क्ष − २) = ∛(क्ष − २)

घन करा आणि मधल्या (अ + ब) च्या जागी उजवी बाजू ठेवा:

४क्ष − २ + ३∛(क्ष(३क्ष − २)(क्ष − २)) = क्ष − २
∛(क्ष(३क्ष − २)(क्ष − २)) = −क्ष
क्ष(३क्ष − २)(क्ष − २) = −क्ष^३

या ओळीवर बहुतेक जण दोन्ही बाजूंना क्ष ने भागतात. मग ३क्ष² − ८क्ष + ४ = −क्ष², म्हणजे ४(क्ष − १)² = ०, आणि उत्तर क्ष = १. आता ताळा करा. डावीकडे ∛१ + ∛१ = २. उजवीकडे ∛(−१) = −१. जुळत नाही.

भागाकार न करता सगळे एका बाजूला आणले असते तर ४क्ष(क्ष − १)² = ० मिळाले असते, म्हणजे क्ष = ० किंवा क्ष = १. क्ष = ० ठेवून पाहा: डावीकडे ० + ∛(−२), उजवीकडे ∛(−२). जुळले. म्हणजे क्ष ने भागणाऱ्याने एकुलते एक खरे उत्तर फेकून दिले आणि फसवे उत्तर हातात ठेवले.

फसवे उत्तर आले कुठून? घन केल्याने नव्हे. दोन वास्तव संख्यांचे घन सारखे असतील तर त्या संख्याही सारख्याच असतात, म्हणून नुसता घन कधी खोटे उत्तर आणत नाही. ते आले (अ + ब) च्या जागी उजवी बाजू ठेवल्यामुळे. ती बरोबरी आपण गृहीत धरली होती, आणि नव्या समीकरणातून मागे जाताना ती टिकेलच असे नाही. अ = ब = १ आणि उजवी बाजू −१ असताना नवे समीकरण खरे ठरते, जुने ठरत नाही.

> सावधान: चल असलेल्या पदाने दोन्ही बाजूंना भागू नका. सामाईक अवयव काढून बाहेर ठेवा. क्ष^(५/३) = ९क्ष मध्येही हेच: क्ष(क्ष^(२/३) − ९) = ०, उत्तरे ०, २७, −२७. भागलात तर शून्य गेले.

## टप्पा ५: एक घातांक दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर

क्ष^(२/३) − क्ष^(१/३) − ६ = ०. इथे २/३ हा १/३ च्या दुप्पट. लहान घाताला य म्हणा: य = क्ष^(१/३). मग य² − य − ६ = ०, य = ३ किंवा य = −२. काम इथे संपले नाही. परत क्ष वर या: क्ष = २७ किंवा क्ष = −८. ताळा: ९ − ३ − ६ = ०, आणि ४ + २ − ६ = ०. दोन्ही खरी.

आता फक्त घातांक बदला: क्ष^(१/२) − क्ष^(१/४) − ६ = ०. य = क्ष^(१/४) घेतला की वर्गसमीकरण तेच, य च्या किमती त्याच. पण छेद सम आहे, म्हणून य ऋण चालत नाही. −२ तिथेच सोडा. उरते य = ३, क्ष = ८१. −२ धरून पुढे गेलात तर क्ष = १६ येतो आणि ताळ्यात ४ − २ − ६ = −४ मिळते. य मानतानाच शेजारी ‘य कोणताही’ किंवा ‘य ≥ ०’ लिहून ठेवा.

घातांक १/२ आणि १/३ असे बेमेळ असतील तर छेदांचा लसावि ६ घ्या आणि य = क्ष^(१/६) माना. मग क्ष^(१/२) = य^३ आणि क्ष^(१/३) = य².

## टप्पा ६: मोजमापाचे गणित आणि कॅल्क्युलेटर

कुळागरातल्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेतल्या, मातीच्या पाटाचे उदाहरण घेऊ. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल शिकणाऱ्यांना पाटातल्या पाण्याचा वेग काढणारे मॅनिंगचे सूत्र लागते: वेग = (१/न) × र^(२/३) × उ^(१/२). यात न म्हणजे पाटाच्या खडबडीतपणाचा अंक, उ म्हणजे उतार, आणि र म्हणजे पाण्याच्या काटछेदाचे क्षेत्रफळ भागिले पाणी टेकते तेवढी कड, मीटरमध्ये. मातीच्या पाटाला न = ०.०२५ धरू. उतार २५०० मीटरला १ मीटर, म्हणजे ०.०००४. वेग सेकंदाला ०.२ मीटर हवा आहे. र किती?

०.२ = ४० × र^(२/३) × ०.०२
र^(२/३) = ०.२५
र^(१/३) = ०.५ (र लांबी आहे, ऋण किंमत सोडली)
र = ०.१२५ मीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर

हेच कॅल्क्युलेटरवर ०.२५ ^ ३ ÷ २ असे दाबले तर ०.००७८ येते, एक सेंटिमीटरही नाही. यंत्राने आधी घन केला आणि मग निम्मे केले. घातांक नेहमी कंसात: ०.२५ ^ (३ ÷ २).

दुसरी अडचण ऋण पायाची. (−६४) ^ (२ ÷ ३) दाबल्यावर बऱ्याच कॅल्क्युलेटरवर एरर येते. यंत्र २/३ चे ०.६६६… करते, छेद विषम होता ही माहिती तिथेच जाते. असा घात यंत्र लॉग (लॉगरिदम) वापरून काढते, आणि ऋण संख्येचा लॉग वास्तव संख्यांत निघत नाही. याचा अर्थ −६४ हे उत्तर चूक असा नाही. ∛ ची कळ वापरून आधी −४ काढा, मग वर्ग करा.

चिऱ्यांनी बांधलेल्या घनाकृती टाकीचेही असेच. घ म्हणजे टाकीचे घनफळ, म्हणून एक बाजू घ^(१/३). आतल्या सहाही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ १३.५ चौरस मीटर असेल तर ६ × घ^(२/३) = १३.५, म्हणून घ^(२/३) = २.२५, घ^(१/३) = १.५ आणि घ = ३.३७५ घनमीटर, म्हणजे ३३७५ लिटर. ऋण उत्तर इथेही गणितात येतेच. ‘घनफळ ऋण नसते’ ही ओळ लिहून ते सोडायचे, नुसते गिळायचे नाही.

## टप्पा ७: ताळा कुठे करायचा

दिलेल्या मूळ समीकरणात, मधल्या कुठल्याही ओळीत नव्हे. फसवे उत्तर मधल्या ओळीत नेहमी जुळते, ते तिथेच तर जन्मलेले असते. किंमत ठेवताना आधी मूळ काढा, मग घात करा. आकडे लहान राहतात: ६४ चा वर्ग ४०९६ करून त्याचे घनमूळ शोधण्यापेक्षा घनमूळ ४ काढून वर्ग करणे सोपे.

सरावाला ही चार घ्या. प्रत्येकाच्या समासात टप्पा २ मधली ओळ आधी लिहा.

१) २(क्ष + ५)^(२/३) = ५०
२) (क्ष − ३)^(३/२) = −२७
३) क्ष^(−३/५) = −१/८
४) क्ष^(२/३) + ५क्ष^(१/३) + ६ = ०

उत्तरे: १) १२० आणि −१३०. दुसरे −१२० आले असेल तर टप्पा ३ मधला कंस पुन्हा पाहा. २) उत्तर नाही. १२ आले असेल तर समासातली ओळ लिहिलेली नाही. ३) −३२. ४) −८ आणि −२७. य च्या दोन्ही किमती ऋण आल्या म्हणून ‘उकल नाही’ लिहिले असेल, तर वर्गमुळाची अट घनमुळाला लावली गेली आहे.